पाडकामाच्या खडीचे काँक्रीट: बेळगावच्या भावात हिशेब कुठे बसतो आणि कुठे बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावातील एका तरुण कंत्राटदारांकडे दोन पाडकामे एकाच वेळी आली आहेत. पहिले उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका जुन्या आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) गोदामाचे, जे पाडून त्याच जागी नवी शेड उभी करायची आहे. दुसरे शहापुरातील एका जुन्या कौलारू घराचे, ज्याच्या भिंती चिरा (जांभा दगड), वीट आणि माती यांच्या आहेत. हा राडारोडा फोडून त्याची खडी नव्या काँक्रीटमध्ये वापरली तर काँक्रीट स्वस्त पडेल का, आणि पडत असेल तर एक जुना जॉ क्रशर (जबड्यात दाबून दगड फोडणारे यंत्र) विकत घेऊन हाच व्यवसाय करावा का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा मजकूर त्याचीच फोड आहे. गोदामाच्या मालात पैसा आहे, पण तो स्लॅब-कॉलमच्या काँक्रीटमध्ये नसून फरशीखालच्या पीसीसीमध्ये (लोखंड नसलेल्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये) आणि वाचलेल्या वाहतुकीत आहे. घराच्या मालात काँक्रीटपुरता पैसा नाही. क्रशर विकत घेऊ नये, आजच्या स्थितीत तरी नाही. मी बरीच वर्षे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगड-शिनोळीपर्यंत मिक्स डिझाइनची (काँक्रीटमधील घटकांचे प्रमाण चाचण्यांवरून ठरवण्याची) आणि आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटची कामे करत आलो आहे आणि या विषयात उत्साहाने उतरून हात पोळलेले लोक मी जवळून पाहिले आहेत. त्या प्रत्येकाची चूक एकच होती: त्यांनी खडीचा भाव पाहिला आणि सिमेंटचा विसर पडू दिला.

खाली जे दर वापरले आहेत ते केवळ हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या साइटवर पडणारे दर घालून आपण तोच हिशेब पुन्हा मांडावा. पद्धत बदलणार नाही, आकडे बदलतील. काळ्या दगडाची २० मिमी खडी साइटवर पोचून टनाला ७०० रुपये, पाडकामाची खडी टनाला ५०० रुपये आणि सिमेंटची गोणी ३५० रुपये, म्हणजे किलोला ७ रुपये, असे धरू.

प्रथम नियमाची चौकट, कारण हिशेबाची कमाल मर्यादा तीच ठरवते. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने पहिल्यांदा पाडकामाच्या खडीला काँक्रीटमध्ये अधिकृत जागा दिली आणि तसे करताना दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले. निव्वळ काँक्रीट फोडून मिळालेली जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, लोखंड असलेल्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तीही एम-२५ या प्रतीपर्यंतच (एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद), तर एम-१५ पेक्षा खालच्या, कमी सिमेंटच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के वापरता येते. वीट, दगड, प्लास्टर, फरशी अशा मिश्र राडारोड्याची खडी मात्र फक्त लीन काँक्रीटमध्येच चालते. साध्या किंवा आरसीसी काँक्रीटमध्ये तिला परवानगीच नाही. शहापूरच्या घराचा प्रश्न इथेच बराचसा सुटतो.

आता गोदामाचा माल एम-२० च्या आरसीसीत २० टक्के वापरला असे समजू. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण १,१५० किलो जाड खडी बसते, त्यातील २० टक्के म्हणजे २३० किलो. इथे बहुतेक जण २३० किलो काळी खडी काढून २३० किलो पाडकामाची खडी टाकतात, आणि हीच पहिली चूक आहे. आपल्याकडच्या बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या दगडाचे, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत जडपणा) २.८५ च्या आसपास असते, तर पाडकामाच्या खडीचे जुना मसाला चिकटून राहिल्यामुळे २.४ च्या आसपास भरते. बदल घनफळाने करायचा असतो, वजनाने नाही. २३० किलो काळ्या खडीची जागा भरायला सुमारे १९४ किलो पाडकामाची खडी पुरते. वजनाने बदल केला तर प्रत्येक घनमीटरमागे सुमारे १५ लिटर घनफळ जास्त तयार होते आणि ज्याला आपण ३२० किलो सिमेंटचे काँक्रीट समजतो ते प्रत्यक्षात ३१५ किलोचे निघते. मग क्यूब, म्हणजे चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे, ताकदीत कमी पडले की दोष खडीला दिला जातो.

घनफळाने बदल केला तर २३० किलो काळ्या खडीचे १६१ रुपये वाचतात आणि १९४ किलो पाडकामाच्या खडीचे ९७ रुपये लागतात. घनमीटरमागे बचत ६४ रुपये. आता याच्या शेजारी सिमेंट ठेवून पाहावे. ६४ रुपयांत ९ किलो सिमेंट येते. म्हणजे ही खडी वापरल्यामुळे ताकद टिकवण्यासाठी घनमीटरमागे ९ किलोपेक्षा जास्त सिमेंट वाढवावे लागले की सगळा खटाटोप तोट्यात गेला. टनामागे २०० रुपये स्वस्त खडी मिळाली म्हणून आनंदणाऱ्या माणसाने हा ९ किलोंचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

सिमेंट का वाढवावे लागते, हे नीट समजून घेतले तर ते वाढू न देण्याचा मार्गही दिसतो. २० टक्क्यांच्या प्रमाणात, माल स्वच्छ असेल तर ताकदीतला फरक फार थोडा असतो. तेवढ्यासाठी सिमेंट वाढवावे लागेलच असे नाही. सिमेंट खाते ते पाणी. काळी खडी जेमतेम १ टक्का, फार तर २ टक्के पाणी शोषते. पाडकामाची खडी ४ ते ६ टक्के सहज शोषते, कारण तिच्या अंगाला चिकटलेला जुना मसाला सच्छिद्र असतो. १९४ किलो कोरडी खडी ५ टक्के या हिशेबाने जवळजवळ १० लिटर पाणी पिते. मिक्सरमधून निघताना स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) ठीक दिसतो, अर्ध्या तासात तो बसतो, आणि मुकादम ड्रममध्ये बादल्या ओतायला लावतो. खडीने जेवढे शोषले तेवढेच पाणी त्याने परत दिले असते तर बिघडले नसते. पण अंदाजाने ओतलेले पाणी नेहमीच जास्त असते. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५ धरले तर असे जादा पडलेले प्रत्येक १० लिटर पाणी भरून काढायला २० किलो सिमेंट लागते, म्हणजे १४० रुपये. ६४ रुपये वाचवायला निघालेल्या माणसाचे १४० रुपये एका बादलीपाठी जातात, आणि सिमेंट वाढवले नाही तर ते पैसे ताकदीतून आणि टिकाऊपणातून जातात, जे अधिक वाईट.

यावरचा उपाय अत्यंत स्वस्त आहे. खडीचा ढीग वापरण्याच्या आदल्या दिवशी पाण्याने भिजवावा, रात्री वरून ताडपत्री टाकावी आणि सकाळी पृष्ठभागावरचे पाणी निथळून गेलेली, आतून भिजलेली खडी वापरावी. आयएस ३८३ नेही याची नोंद घेतली आहे: सर्वसाधारण खडीच्या शोषणाला ५ टक्क्यांची मर्यादा असताना पाडकामाच्या खडीला १० टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण ती आधी भिजवण्याच्या अटीवर. स्प्रिंकलर आणि एक माणूस, एवढाच खर्च. शक्य असेल तर आधी खडी, वाळू आणि निम्मे पाणी घालून मिक्सर मिनिटभर फिरवावा, नंतर सिमेंट, आणि शेवटी उरलेले पाणी घालावे. जुन्या मसाल्याच्या छिद्रांवर सिमेंटचा पातळ थर बसतो आणि जोड मजबूत होतो. यात पैसा जात नाही. फक्त प्रत्येक बॅचला एखादे मिनिट जास्त लागते, आणि आरएमसी प्लांटवर ते मिनिटही मोजावे लागते.

दुसरी गोष्ट जी आपल्या बाजूने उभी राहू शकते ती आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकातील किमान सिमेंटची अट. आरसीसीसाठी, काँक्रीटला होणारा हवा-पाण्याचा त्रास सौम्य असो वा मध्यम, दोन्ही परिस्थितींत घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट लागते. चांगल्या ओपीसी-५३ (५३ ग्रेडच्या साध्या) सिमेंटने आणि अॅडमिक्श्चरने (पाणी कमी लागावे म्हणून घालायच्या रसायनाने) एम-२० ची ताकद त्याहून कमी सिमेंटमध्ये मिळत असली तरी ३०० किलोखाली जाता येत नाही. म्हणजे त्या मिक्समध्ये थोडी ताकद शिल्लक पडलेली असते. ती शिलकी ताकद पाडकामाच्या खडीने वापरली तर एक किलोही सिमेंट न वाढवता पूर्ण ६४ रुपये हातात राहतात. एम-२५ मध्ये अशी शिल्लक कमी असते, म्हणून तिथे अधिक जपून राहावे.

येथे एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्या भागातील कितीतरी साइट्सवर अजूनही घमेल्याने मोजलेले १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) चालते. आयएस ४५६ मधील नॉमिनल मिक्सच्या (चाचणीविना ठरीव प्रमाणाच्या) तक्त्याप्रमाणे एम-२० ला एका गोणीमागे २५० किलो एकूण खडी-वाळू धरली तरी घनमीटरला सुमारे ३८० किलो सिमेंट जाते. त्याच साइटवर मिक्स डिझाइन करून, वजनाने मोजून काम केले तर ३२० किलोत भागते. वाचलेल्या ६० किलोंचे ४२० रुपये होतात. म्हणजे पाडकामाच्या खडीतून उत्तम परिस्थितीत जे मिळते त्याच्या साडेसहा पट रक्कम वजनकाटा आणि लॅबचा एक रिपोर्ट मिळवून देतो. ज्यांच्याकडे वजनकाटा नाही त्यांनी पाडकामाच्या खडीचा विचार आरसीसीसाठी करूच नये; बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आणि खाजगी लॅब आहेत, त्यांचा उपयोग आधी करावा.

अर्थकारणाचा खरा गाभा मात्र मालाच्या परिमाणात आहे. गोदामातून ६०० टन काँक्रीटचा राडारोडा निघेल असे धरू. तो फोडला की सगळ्याची खडी होत नाही. साधारण निम्मी, म्हणजे ३०० टन, वापरण्याजोगी जाड खडी मिळते. सुमारे २१० टन बारीक कच पडते. आणि ९० टनांच्या आसपास माती, लाकूड, प्लास्टर, फरशीचे तुकडे असा टाकाऊ माल राहतो. आता ही ३०० टन खडी २० टक्क्यांच्या मर्यादेत आरसीसीत घालायची म्हटली तर घनमीटरला १९४ किलो या हिशेबाने १,५०० घनमीटरपेक्षा जास्त काँक्रीट ओतावे लागेल. एका शेडच्या कामात एवढे काँक्रीट कुठून येणार? हाच माल शेडच्या फरशीखालच्या १:४:८ च्या (सिमेंट, वाळू, खडी) पीसीसीमध्ये, जे लीन काँक्रीटच असते, १०० टक्के वापरला तर घनमीटरला जवळजवळ एक टन खडी जिरते आणि ३०० घनमीटरमध्ये काम संपते. दोन हजार चौरस मीटरच्या शेडखाली १५० मिमी जाडीचा थर, एवढे ते काम आहे. वरची ट्रिमिक्सची (ओल्या काँक्रीटमधले जादा पाणी शोषून काढलेली) फरशी यात येत नाही, कारण ती लीन काँक्रीट नाही. तिच्यासाठी काळी खडीच घ्यावी.

या वापराचा हिशेब असा बसतो. भाड्याचा फिरता क्रशर आणण्या-नेण्याचे ६०,००० रुपये आणि फोडण्याचे टनाला ३०० रुपये धरले तर ६०० टनांचे एकूण २,४०,००० रुपये होतात. समोरच्या बाजूला ३०० टन खडी घनफळाने ३५६ टन काळ्या खडीचे काम करते, त्याचे सुमारे २,४९,००० रुपये वाचतात. २१० टन कच मुरमाऐवजी जोत्यात भरली तर टनाला २५० रुपयांप्रमाणे ५२,५०० रुपये वाचतात. एरवी ६०० टन माल गावाबाहेर नेऊन टाकावा लागला असता; आता फक्त ९० टन टाकावा लागतो, म्हणून ५१० टनांची टनाला १५० रुपयांप्रमाणे ७६,५०० रुपयांची वाहतूक वाचली. पीसीसीमध्ये घनमीटरला १० किलो सिमेंट जास्त लागेल असे सावधपणे धरले तर २१,००० रुपये वजा. शेवटी हातात राहतात साधारण १,१७,००० रुपये.

या आकड्याकडे नीट पाहावे. कच आणि वाचलेली वाहतूक यांचे मिळून १,२९,००० रुपये बाजूला काढले तर खडीचा व्यवहार एकटा तोट्यात आहे. म्हणून कच कुठे जाणार आणि राडारोडा टाकायला किती लांब जावे लागते, हे दोन प्रश्न खडीच्या भावापेक्षा मोठे आहेत. पीसीसीचे काम ३०० ऐवजी १०० घनमीटरच असेल आणि उरलेली २०० टन खडी बाहेर ३५० रुपयांनी विकावी लागली, तर तीच शिल्लक ३५,००० रुपयांवर येते. एक आठवडा पाऊस लागला किंवा क्रशर दोन दिवस बंद पडला की तेही गेले. त्यामुळे पाडकाम सुरू करण्याआधी नव्या नकाशावरून पीसीसी आणि भरावाचे घनमीटर मोजून घ्यावेत आणि तेवढाच माल फोडावा. सगळा फोडलाच पाहिजे असा नियम नाही.

क्रशर विकत घेण्याचा विचार मी का अडवतो, ते आता सांगतो. यंत्राचा हप्ता, ऑपरेटर, लोडर, जागेचे भाडे असा महिन्याचा ठरलेला खर्च ४ लाख रुपये धरला आणि महिन्याला ४,००० टन माल फोडला तर टनाला १०० रुपये पडतात. १,००० टनच मिळाला तर ४०० रुपये पडतात. डिझेल, जबड्याच्या प्लेटांची झीज आणि निवडणाऱ्या बायका-पुरुषांची मजुरी त्याशिवाय. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असा असतो की ओला राडारोडा चाळणीवर चिखलासारखा बसतो आणि पाडकामेही थांबतात. हप्ता मात्र थांबत नाही. बारा महिन्यांचा खर्च आठ महिन्यांच्या कामावर पडतो. बुरारी येथे २००९ मध्ये देशातला पहिला पाडकाम-कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला तो दिल्लीत, जिथे माल अखंड येतो आणि खाणी दूर आहेत. आपल्याकडे दोन्ही उलटे आहे. बेळगाव दख्खनच्या काळ्या दगडाच्या काठावर वसले आहे आणि चांगल्या बेसॉल्टच्या खाणी शहरापासून दूर नाहीत. जिथे चांगला दगड जवळ, तिथे पाडकामाच्या खडीला मिळणारी भावाची फट अरुंदच राहणार. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे वाढीव सिमेंटचा भार थोडा हलका झाला आहे, पण त्याने फट रुंदावलेली नाही.

शिवाय आपल्या शहरात पाडल्या जाणाऱ्या मालाची जातच वेगळी आहे. शहापूर, खासबाग, वडगाव, अनगोळ या भागांतली जी घरे आज पाडली जातात त्यांत काँक्रीट कमी, आणि चिरा, वीट, माती, सागवान व मंगलोरी कौले जास्त. पाडकाम घेणारा माणूस सागवान, कौले, चौकटी आणि लोखंड आधीच काढून नेतो. त्याचा नफा त्यातच असतो आणि त्यापोटी तो मालकाला उलट पैसेही देतो. क्रशरवाल्याकडे येतो तो ज्याला कोणी गिऱ्हाईक नाही असा उरलेला भाग. आपल्या शहापूरच्या घराबाबत माझा सल्ला असा की चिरे अखंड निघतील तेवढे काढून नगावर विकावेत, कारण जांभा दगड फोडला की तो भरपूर पाणी पितो आणि ठिसूळ होतो. पक्क्या विटांचे तुकडे गच्चीच्या कोब्यासाठी घेणारे मिस्त्री आहेत, त्यांना द्यावेत. मातीत बांधलेल्या भिंतीची माती बागेत किंवा भरावात जाऊ द्यावी. उरलेल्या मिश्र मालाची खडी करण्यात अर्थ नाही.

राडारोड्याला आपल्याकडे आणखी एक तगडा प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे भराव. शहराभोवतीच्या भातशेतीत लेआउट पडत आहेत, त्या खोलगट जमिनी भरायला ट्रॅक्टरवाले राडारोडा फुकट, कधी पैसे देऊनही घेतात. जोवर कोणी तरी माल टाकून घ्यायला तयार आहे, तोवर क्रशरवाल्याला राडारोडा आणून देण्यासाठी कोणी पैसे मोजणार नाही, आणि इतर ठिकाणी प्रक्रिया-केंद्रांना जे प्रवेश-शुल्क जगवते ते आपल्याकडे उभेच राहत नाही. या भरावाची किंमत कोणाच्या वहीत येत नाही, पण ती चुकवावी लागते. शहरालगतच्या बळ्ळारी नाल्याच्या काठाने टाकलेल्या मातीने पाण्याची वाट अडते आणि पावसाळ्यात शहापूर-वडगाव शिवारातील भात पाण्याखाली जाते. ज्यांच्या शेतात दुबार पेरणीची वेळ येते त्यांनी हा राडारोडा टाकलेला नसतो. मी स्वतः या शिवारालगत वाढलो आहे, म्हणून कोणताही कंत्राटदार मला विचारतो तेव्हा हिशेब कितीही घट्ट असला तरी नाल्याच्या काठाला माल टाकायचा नाही, ही अट मी आधी घालतो.

कायदाही याच दिशेने सरकतो आहे. २०१६ च्या पाडकाम-कचरा नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त राडारोडा करणाऱ्यावर माल वेगळा करण्याची, आराखडा देण्याची आणि प्रक्रियेचा खर्च सोसण्याची जबाबदारी टाकली, आणि सरकारी व नगरपालिकेच्या कामांत १० ते २० टक्के असा माल वापरण्याची दिशा दिली. एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत आणि २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांवर ते उत्पादकाची वाढीव जबाबदारी (राडारोड्याचे पुढे काय होते याचीही जबाबदारी) टाकतात. हे प्रत्यक्षात कडकपणे राबवले गेले आणि महापालिकेने नेमलेल्या जागेवर शुल्क घेऊन राडारोडा जमू लागला, तर क्रशरचा हिशेब बदलेल. तेव्हा यंत्र घ्यावे. आज भाड्याने आणावे.

सीमेपलीकडे काम करताना एक व्यावहारिक अडचण येते, ती मोजमापाची. चंदगड-कागल बाजूला दर ब्रासचा, आपल्याकडे बऱ्याचदा टनाचा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. काळ्या खडीचा ब्रास सव्वाचार ते साडेचार टन भरतो, पाडकामाच्या खडीचा पावणेचार ते चार टन. खडी टनाने विकत घेणाऱ्याला पाडकामाची खडी जास्त घनफळ देते, ब्रासने घेणाऱ्याला तो फायदा मिळत नाही. त्यामुळे खरेदी टनाने करावी आणि वाहतूक ठरवताना टिपर वजनाने भरतो की घनफळाने भरतो, हे पाहावे. पाडकामाचा माल खाणीतला नसला तरी रस्त्यावर गाडी अडवली गेल्यास तो कुठून आला याचा कागद जवळ हवा. पाडकामाची परवानगी आणि साइटचे चलन यांची प्रत ड्रायव्हरकडे द्यावी.

गोदामाच्या मालाच्या गुणवत्तेबद्दल थोडे, कारण तेथे एक धोका आहे. गोदाम कधी फौंड्रीचे (धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्याचे) असेल तर मशीनच्या पायाचे काँक्रीट तेल शोषलेले असते. तेलकट काँक्रीटची खडी सिमेंटला धरत नाही. ते तुकडे पाडतानाच वेगळे काढावेत. जमिनीवर साचलेली फौंड्रीची काळी वाळूही त्यात मिसळू देऊ नये. पीओपीचे छत असेल तर ते पूर्ण उतरवूनच ब्रेकर लावावा, कारण जिप्समचे सल्फेट पुढे काँक्रीट फुगवते आणि हा दोष वर्षभराने दिसतो, जेव्हा कंत्राटदाराकडे दुरुस्तीशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. निवडीवर टनाला २० रुपये जास्त गेले तरी ते सर्वात चांगल्या जागी गेलेले पैसे समजावेत. एकट्या जॉ क्रशरची खडी चपटी आणि मसाला चिकटलेली निघते. दुसऱ्या टप्प्यात इम्पॅक्ट क्रशर (आपटून फोडणारे यंत्र) असेल तर मसाला झडतो, खडी गोलसर होते, पण कच वाढते. पीसीसीसाठी एक टप्पा पुरतो. आरसीसीत वापरायची असेल तरच दुसऱ्या टप्प्याचा खर्च करावा.

१०० टक्के पाडकामाची खडी आरसीसीत घालून स्वस्त काँक्रीट देतो असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला नकार द्यावा. मानकात ते बसत नाही हे झालेच, पण त्याहून महत्त्वाचे असे की त्या प्रमाणात ताकदीपेक्षा काँक्रीटचा ताठपणा जास्त घटतो, आकुंचन वाढते आणि लांब गॅलरीचे स्लॅब काही वर्षांत झुकतात. क्यूब टेस्ट पास होते आणि गॅलरी तरीही झुकते, हे घरमालकाला समजावणे फार कठीण असते.

आता आपण पुढे काय करावे ते सांगतो. पाडकामाला हात लावण्याआधी गोदामाच्या कॉलम, बीम आणि फरशीतून वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून एक टनभर तुकडे काढून जवळच्या एखाद्या क्रशरवर फोडून घ्यावेत. त्या खडीची आयएस २३८६ या खडी-चाचणीच्या मानकाप्रमाणे पाणी-शोषण, विशिष्ट गुरुत्व आणि इम्पॅक्ट व्हॅल्यू (आघाताने खडी किती टक्के चुरते तो आकडा) लॅबमधून काढावी. शोषण ६ टक्क्यांच्या आत आणि इम्पॅक्ट व्हॅल्यू ३० च्या आत आली तर माल चांगला आहे. त्यातूनच १:४:८ चे आणि, इच्छा असेल तर, २० टक्क्यांच्या एम-२० चे चाचणी मिश्रण करून ७ आणि २८ दिवसांचे क्यूब फोडावेत. एम-२० ला काळ्या खडीच्या मिश्रणाइतकी ताकद येण्यासाठी ९ किलोपेक्षा जास्त सिमेंट लागत असेल तर आरसीसीचा विचार तिथेच सोडावा. शेडच्या मालकाची आणि त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती याच टप्प्यावर घ्यावी, कारण नंतर घेतलेल्या संमतीला किंमत नसते. २८ दिवसांचा निकाल हाती येईपर्यंत क्रशरचे भाडे ठरवू नये, आणि ठरवताना काम मे महिन्याच्या मध्यापूर्वी संपेल अशी तारीख कागदावर लिहून घ्यावी.